चाचा, यातलं सगळ्यात खराब कुठलं?

आमच्या देव्हाऱ्यात एक चांदीचा रुपया आहे. राणीछाप. म्हणजे आजी राणीछाप म्हणायची म्हणून राणीछाप, नाहीतर त्याच्यावर राणी आहे का तांब्यावर ठेवलेला नारळ आहे हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. एका बाजूला नुसता डोक्याचा फुगवटा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीची पुसट सावली आणि मधे काहीतरी लिहिलेलं असावं असा संशय. दर लक्ष्मीपूजनाला आजी तो चिंच आणि रांगोळीने घासायची, आजी गेल्यावर आई घासते, आणि घासून झाल्यावर तो असा काही चमकतो की शेजारच्या काकू म्हणतात नवीन घेतलात का.

तीन वर्षांपूर्वी मला हुक्की आली की याची किंमत काढून बघू. विकायचा वगैरे अजिबात नव्हता, नुसतं कुतूहल. मी नोकरीला फोर्टात, त्यामुळे लंच टाइममध्ये रुमालात गुंडाळून एका दुकानात घेऊन गेले. त्या माणसाने रुपया हातात पण नीट घेतला नाही, काउंटरवरच बोटाने एकदा सरकवला आणि म्हणाला मॅडम ये तो गया हुआ है, मोड में दे दो, चांदी का भाव मिलेगा. पुढचा गिऱ्हाईक बोलवा अशा सुरात. मला एवढा राग आला ना! माझ्या आजीचा रुपया आणि म्हणे गया हुआ. त्या रागात त्या रात्री मुलुंडला घरी येऊन झिजलेल्या नाण्यांवर जे काही सापडेल ते वाचायला बसले आणि तिथून हा नाद लागला तो लागलाच.

तर झालं असं की मला कळलं जगात असे लोक आहेत जे मुद्दाम जितकं झिजलेलं मिळेल तितकं झिजलेलं नाणं शोधत फिरतात. अमेरिकेत त्याला लोबॉल म्हणतात. बाकीचे लोक कोरं करकरीत, टाकसाळीतून आत्ताच निघालेलं नाणं मिळावं म्हणून जीव टाकतात आणि हे लोक उलट्या टोकाने, जितकं गुळगुळीत तितका आनंद. आणि गंमत म्हणजे यातसुद्धा नियम आहेत, नंबर आहेत, भांडणं आहेत, कधीकधी सगळ्यात खालच्या नंबराच्या नाण्याला त्याच्या वरच्यापेक्षा जास्त पैसे पडतात. मला आधी वाटलं थट्टा चाललीय.

नंबरांचं थोडं सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिकडच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० अशी पट्टी काढली. कल्पना साधी होती, १ नंबरचं नाणं एक डॉलरला तर ७० नंबरचं सत्तर डॉलरला. भावाचं गणित लवकरच बोंबललं पण पट्टी राहिली आणि आज इतर नाण्यांना पण तीच लावतात. ६० पासून वर म्हणजे कधी बाजारात न फिरलेलं. ४० च्या आसपास एक्स्ट्रा फाइन, २० व्हेरी फाइन, १२ फाइन, ८ व्हेरी गुड, ४ गुड, ३ अबाउट गुड, २ फेअर, १ पुअर. आता बघा, गुड म्हणजे चांगलं असं आपण समजतो आणि नाण्यात गुड म्हणजे जवळजवळ गेलेलं. हे नाव ठेवणारा नक्की लग्न जुळवणारा असणार, "मुलगी गुड आहे". (हा शेल्डन स्वतः काही साधा प्राणी नव्हता. माणसांच्या शरीरांचे पण त्याने प्रकार पाडले होते, आणि तो गेल्यावर उघडकीला आलं की अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी काढून त्या जागी तो आपल्याकडची खालच्या दर्जाची ठेवत होता. दर्जा ओळखण्यात पटाईत होताच म्हणा.)

आता मुद्दा असा की नंबर १ मिळवायला नाणं नुसतं खराब असून चालत नाही. ही गोष्ट मला समजायला सहा महिने लागले. नाणं कुठल्या प्रकारचं आहे आणि कुठल्या सालचं आहे एवढं ओळखू यायलाच हवं, आणि फक्त एवढंच ओळखू यायला हवं. त्याच्या पलीकडे गेलं की ती चकती, नाणं नाही. आणि झीज हातांची पाहिजे, खिशांची, गल्ल्याची, बटव्याची. भोक पाडलेलं चालत नाही, वाकवलेलं नाही, कानशीने घासलेलं नाही, गळ्यात घालायला डाग दिलेलं नाही. अशांना नंबरच मिळत नाही, तिकडच्या पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून नंबर देणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या असल्या नाण्यावर नंबराऐवजी नुसतं "डिटेल्स" असं लिहून प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवतात. म्हणजे दहावीत नापास नाही पण निकाल राखून ठेवला, तसं.

तर मग आजीचा रुपया.

मी भिंग घेतलं, टेबल लॅम्प आडवा केला. झिजलेलं नाणं कधीही समोरून उजेड टाकून बघायचं नाही, काही दिसत नाही, उजेड अगदी बाजूने, जमिनीला टेकलेल्या सूर्यासारखा आला पाहिजे, मग केसाएवढा उठाव असला तरी त्याची सावली पडते. मी रुपया हळूहळू फिरवत गेले आणि उजव्या काठाशी, अगदी काठात बुडालेली, तीन अक्षरं दिसली. ई, एस, एस. एस्, एस्! मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले. का ते सांगते. १८७६ पर्यंतच्या रुपयावर व्हिक्टोरिया क्वीन असं आहे, आणि १८७७ पासून व्हिक्टोरिया एम्प्रेस, कारण बाई मधल्या काळात हिंदुस्थानच्या सम्राज्ञी झाल्या. क्वीनमधे एसच नाही. म्हणजे आमचा रुपया १८७७ ते १९०१ मधला, क्वीनवाला नाही हे पक्कं. मागच्या बाजूला सालाचा पहिला आकडा एक आणि दुसरा आठ, इतकंच लागलं, पुढचे दोन गेले.

मग वजन. दादरहून आणलेला तो छोटा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, मसाल्यासाठी घेतला होता खरा. रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, जुन्या भाषेत १८० ग्रेन, त्यात चांदी ९१.७ टक्के. आमचा भरला ११.०२. म्हणजे साडेपाच टक्के रुपया गायब. कुठे गेला? थोडा भायखळ्याच्या भाजीवाल्याच्या बोटांना, थोडा कुठल्यातरी सावकाराच्या पेटीला, थोडा आजीच्या रांगोळीत. तेव्हाच्या कायद्यात, १९०६ च्या कॉइनेज अॅक्टमधे, दोन टक्क्यांहून जास्त वजन घटलं तर रुपया कायदेशीर चलन म्हणून घ्यायची सक्ती नव्हती. दोन टक्के म्हणजे साधारण पाव ग्रॅम. त्या हिशेबाने आमचा रुपया कधीच बाद, तरी कोणीतरी घेतच राहिलं असणार. सराफ लोक काय करायचे, रुपया फरशीवर टाकून आवाज ऐकायचे, खणखणीत वाजला तर बंदा रुपया, बद्द वाजला तर खोटा. झिजलेला पण खरा असेल तर वाजतो बरं का. आमचा वाजतो.

एवढं सगळं झाल्यावर मी मोठ्या अभिमानाने माझ्यापेक्षा जाणकार असलेल्या एका गृहस्थांना दाखवला, नाव नको, फोर्टात फुटपाथवरच ओळख झाली. त्यांनी भिंगातून पाहिलं, अर्ध्या मिनिटात परत दिला. म्हणाले ताई झीज सुंदर आहे पण हा घासलाय. बघा. आणि मला दाखवलं. मोकळ्या जागेत सगळीकडे एका दिशेने बारीक बारीक रेघा, चाळणीसारख्या. हातात फिरून झिजलेल्या नाण्याला अशा रेघा नसतात, त्याचा मऊ, राखाडी, साबणाच्या वडीसारखा पोत असतो, खोलगट जागेत काळसर मळ बसलेला असतो आणि तो मळ म्हणजे त्याचं आधारकार्ड. आमच्या रुपयाचा मळ आम्ही शंभर दिवाळ्या उपसून काढलाय. नंबर मिळणार नाही. डिटेल्स.

ज्या नाण्यामुळे हा नाद लागला तेच बाद. मी घरी कोणाला सांगितलं नाही.

पण डोळा तयार झाला. आता मी शुक्रवारी, म्हणजे महिन्यातून एखाद्या शुक्रवारी हाफ डे टाकून, चोरबाजारात पहाटे जाते, जुम्म्याचा बाजार अंधारातच लागतो, मोबाइलच्या टॉर्चवर लोक माल बघत असतात. मटण स्ट्रीटवर एक चाचा आहेत त्यांच्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नाणी असतात, चांगली वेगळी आणि "ये सब टाइमपास" वेगळी. पहिल्यांदा मी टाइमपासचा डबा मागितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ही बाई आंबे सोडून कोयी मागतेय. मी म्हटलं, चाचा यातलं सगळ्यात खराब कुठलं? ते म्हणाले बेटा सब एक से बढ़कर एक खराब है. आता माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. फक्त त्यांच्या मते खराब म्हणजे वाकडं, गंजलेलं, भोक पडलेलं, आणि मला ते नको असतं. मी सांगते चाचा घिसा हुआ चाहिए, टूटा हुआ नहीं, आणि ते म्हणतात अजीब शौक है. बरोबर आहे त्यांचं.

त्या डब्यातून मला काय काय मिळालं. एडवर्डचा रुपया, १९०३ ते १९१० वाला, ज्याच्या डोक्यावर मुकुट नाही. आजी त्याला बोडका राजा म्हणायची. या बिचाऱ्याची झीज बघण्यासारखी असते कारण मुकुट नाही, दागिने नाहीत, अडवायला काहीच नाही, गाल आणि टक्कल सगळ्यात उंच म्हणून तेच आधी सपाट होतात, मग कान जातो, मग दाढी, आणि शेवटी उरते फक्त बाहेरची रेघ, उन्हात भिंतीवर सावली पडते तशी. पाचव्या जॉर्जच्या अंगावर मात्र मुकुट, झगा, साखळी सगळं असल्यामुळे शेवटपर्यंत काही ना काही उरतं. त्याच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे, १९११ च्या पहिल्या नाण्यांवर तो डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांची ओरड झाली आणि सरकारला ती मागे घ्यावी लागली, ठसा बदलला. डुक्कर रुपया चांगल्या अवस्थेतला सगळे शोधतात. मला तो इतका झिजलेला हवाय की डुक्कर आहे का हत्ती हे भांडण मिटलं पाहिजे, पण साल १९११ वाचता आलं पाहिजे. अजून मिळाला नाही. मागे घेतलेलं नाणं झिजणार कसं, झिजायला बाजारात फिरावं लागतं ना.

हीच तर या छंदातली खरी गंमत आहे. जे नाणं खूप वर्षं खूप हातांतून गेलं त्याचं गुळगुळीत रूप सहज मिळतं, ढिगाने मिळतं. पण जे लवकर बंद झालं किंवा लोकांनी पेटीत दडवलं त्याचं झिजलेलं मिळणं कठीण. अमेरिकेत मॉर्गन डॉलर नावाचं जाडजूड चांदीचं नाणं होतं, त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं थैल्या भरून तिजोरीत पडून राहिली, त्यामुळे कोरी भरपूर आणि पुअर १ दुर्मिळ, लोक त्याला चांगले पैसे मोजतात. आपल्याकडे सहाव्या जॉर्जचा रुपया तसा. १९४० पासून त्यात चांदी निम्मी केली, बाकी चाळीस टक्के तांबं, थोडं निकेल, थोडं जस्त, आणि लढाईचा काळ म्हणून लोकांनी चांदी दाबून ठेवली, इतकी की सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली, मग १९४७ ला निकेलचाच रुपया आला. कुठे वेळ मिळाला त्याला झिजायला? माझ्याकडचा सगळ्यात झिजलेला सहावा जॉर्ज आठ नंबरच्या खाली जात नाही, आणि तो मी जपून ठेवलाय.

फसले पण आहे. एकदा एका प्रदर्शनात एक पावली मिळाली, दोन्हीकडून गुळगुळीत, फक्त साल आणि राजाची बाह्यरेषा, अगदी हवं तसं. मी घासाघीस न करता घेतली. (हो, घासाघीस. आमच्या धंद्यातलाच शब्द आहे.) घरी आल्यावर आडव्या उजेडात धरली तर काहीतरी खटकलं. मधला भाग सपाट, पण काठाचे दाते मात्र कडक, बोटाला टोचतायत. असं कसं होईल? खिशात फिरलेल्या नाण्याचा काठही बरोबरीने जातो, दोन्हीकडची कड खाली बसते, अक्षरांचे पाय कडेत मिसळतात, हळूहळू आत सरकत येते ती झीज. इथे चेहरा पुसला आणि काठ कोरा म्हणजे कोणीतरी पॉलिशच्या चाकावर धरली होती. आमच्यासारखे वेडे आहेत हे आता कळलंय लोकांना. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला मॅडम तुम्हालाच खराब पाहिजे होतं. काय बोलणार.

शिवराईचं मात्र वेगळं प्रकरण आहे आणि त्याच्यावर मला जरा जास्तच बोलायला आवडतं. महाराजांनी १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी पाडायला सुरुवात केलेलं तांब्याचं नाणं, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र पति. पुढे पेशवाईत पण पडत राहिलं, म्हणून शिवराया हजारो मिळतात आणि बहुतेक झिजलेल्याच मिळतात. पण शिवराईला शेल्डनची पट्टी लावायला गेलात तर फसाल. ती हाताने हातोड्याने पाडलेली, ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं नाण्यावर बसायचीच नाहीत, कुठे "श्री" अर्धा कापला गेला, कुठे "पति" मधला "ति" बाहेर. म्हणजे अक्षर नाही म्हणून झिजलं असं नाही, ते कधी उमटलंच नव्हतं. ओळखायचं कसं? जिथे ठसा नीट बसला नाही तिथे तांब्याचा मूळ ओबडधोबड पोत तसाच असतो, खडबडीत. जिथे झिजलंय तिथे बोट घसरतं. अंगठा फिरवून कळतं, खरंच, डोळ्यापेक्षा अंगठा लवकर सांगतो. माझ्याकडे एक आहे जिच्यावर फक्त "राजा" शिल्लक आहे. श्री गेला, शिव गेला, मागचं छत्र गेलं. नुसता राजा. आणि तो पण इतका गुळगुळीत की कागद वर ठेवून पेन्सिल घासली, शाळेत करायचो ना तशी, तेव्हा कुठे "जा" चा काना उमटला. नंबर काय द्यायचा तो कोणी द्या, मी ती कोणाला देणार नाही.

कधी तरी फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं मोनेटरी म्युझियम आहे तिकडे जा, लंच टाइममधे मी एक चक्कर मारते. तिथली नाणी सुरेख आहेत. मला फक्त एकच तक्रार असते, सगळी फार चांगली आहेत.

लेकाने विचारलं आई आपल्या आत्ताच्या नाण्यांचं पण असं होणार का. मी जरा विचार केला. नाही होणार रे, निदान तुझ्या हयातीत तरी. १९७५ चा तो मोठा आठ ग्रॅमचा रुपया तांबं-निकेलचा होता, नंतर सहा ग्रॅमचा झाला, तोही तांबं-निकेलच, ते बसच्या कंडक्टरच्या चामड्याच्या पिशवीत खुळखुळून छान मऊ व्हायचे. पण १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा आला. स्टील कसलं झिजतंय. वर आता भाजीवाली पण क्यूआर कोड लावून बसते. तरी त्याने ठरवलंय, १९७८ चा एक रुपया, आमच्या मुंबईच्या टाकसाळीचा, सालाखाली चौकटच्या पत्त्यासारखी खूण असलेला, तो रोज पँटच्या खिशात घेऊन कॉलेजला जातो. अमेरिकेत पण काही लोक असं करतात, पॉकेट पीस म्हणतात. मी त्याला म्हटलं हे खरं चीटिंग आहे, याने काही विकत घेतलंय का, नुसता फिरवतोस. तो म्हणाला खिशाला काय माहीत. यावर मला उत्तर सुचलं नाही. दीड वर्ष झालं, मुलुंडहून रोजची गर्दीची लोकल धरून, भिंगातून पाहिलं तर सिंहांच्या नाकाला जरा चमक आलीय, बास.

परवा लक्ष्मीपूजन झालं. आईने नेहमीसारखी चिंच भिजवली, वाटीत रांगोळी काढली आणि रुपया माझ्या हातात दिला, तिची बोटं आता दुखतात. मी म्हटलं आई नुसता पाण्याने धुऊ या का, घासून घासून खराब होतो गं. ती म्हणाली आणखी काय खराब व्हायचाय तो? काळी लक्ष्मी पुजायची का आपण?

मी गुपचूप किचनमधे जाऊन काट्यावर ठेवला. ११.०२. मग चिंच लावली, रांगोळी घेतली, बोटाने गोल गोल चांगला घासला, पुसला, परत काट्यावर ठेवला. ११.०२. आई बाहेरून म्हणाली, झाला का गं, आणि कडेचा काळा निघाला का नीट बघ. नव्हता निघाला. अजून जरा घासला.